संकटातील जहाजाला किनाऱ्याने आसरा द्यावा का?

आमच्या आर्वी तालुक्यातील एका गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीने मला एक प्रश्न लिहून पाठवला आहे. तो थोडक्यात असा : "काका, जून २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ वान हाय ५०३ हे कंटेनर जहाज पेटले, तेव्हा ते किनाऱ्यापासून दूर ओढून नेले. हे योग्यच झाले ना? जहाज परदेशी, माल परक्यांचा, नफा कंपनीचा. मग त्याचे विष किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या दारात का घ्यावे? आणि समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा या वादाशी संबंध तरी काय?" व्यापारी जहाजांवर कप्तान म्हणून आणि पुढे जहाज-बचावाच्या, म्हणजे ज्याला आमच्या धंद्यात साल्व्हेज म्हणतात त्या कामात माझी सगळी नोकरी झाली. आता मी गावी शेती पाहतो, पण हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेलेला नाही, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आसरा द्यावा, मात्र तो जहाजमालकाचा हक्क आहे म्हणून किंवा दयेपोटी नव्हे, तर बहुतेक वेळा खुद्द किनाऱ्याचे नुकसान त्यातच सर्वांत कमी होते म्हणून. आणि एखाद्या जहाजाला नकार द्यायचाच असेल, तर जाणकार माणसाने त्यावर पाय ठेवून पाहणी केल्याशिवाय तो देऊ नये.

माणसांचा विषय यातून वेगळा काढला पाहिजे, कारण तिथे दुमत नाही. समुद्रात जीव धोक्यात असलेल्याला मदत करणे हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या ९८ व्या कलमाने, तसेच १९७९ च्या शोध व बचाव कराराने बंधनकारक केले आहे. वान हाय ५०३ वरील २२ जणांपैकी १८ जणांना आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने वाचवले. चौघे बेपत्ता झाले. खरा वाद सुरू होतो तो खलाशी उतरल्यानंतर. मागे उरते ते हजारो टन पोलाद, इंधन आणि माल, आणि हे सगळे कुठे न्यायचे याचे उत्तर द्यायला कुणीच पुढे येत नाही.

बंदराबाहेर उभे ठेवलेल्या जहाजाचे काय होते, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला कापसासारखे उदाहरण नाही, कारण रुईच्या गाठीची आग कशी असते हे जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सुमारे १७० किलोची दाबलेली गाठ बाहेरून शांत दिसते आणि आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारले की पृष्ठभाग विझतो, पण गाभ्यातली धग तशीच असते. पट्ट्या कापून गाठ मोकळी केल्याशिवाय आणि एकेक थर भिजवल्याशिवाय ती विझली असे कुणी जाणता माणूस म्हणत नाही. आता अशा हजारो गाठी जहाजाच्या एका खणात, एकीवर एक रचलेल्या आहेत असे समजा.

अशा एका जहाजावर मी बचाव पथकाबरोबर होतो. खणाची झाकणे घट्ट बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडलेला होता. झाकणाच्या कडेचा रंग फुगून पापुद्रे निघाले होते आणि शेजारच्या खणाच्या पोलादी भिंतीवर आम्ही तासातासाला तापमान मोजून खडूने लिहीत होतो. वायूने ज्वाळा दबते, पण गाठीच्या गाभ्यातली धग जात नाही. झाकण जरा उघडले की हवा आत शिरते आणि आग पुन्हा उसळते. खणात पाणी भरावे तर रुई ते पिऊन फुगते, आणि उरलेले पाणी लाटांबरोबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लोटत राहून जहाजाचा तोलच घालवते. म्हणजे खुल्या समुद्रात ती आग फक्त रोखून धरता येत होती. विझवायची तर स्थिर धक्का, किनाऱ्यावरची क्रेन, गाठी पसरायला मोकळी जागा आणि अखंड पाणी हवे होते. जवळच्या बंदराने, जोखीम नको म्हणून, बरेच दिवस परवानगी दिली नाही. ती मिळाली तेव्हा सुरुवातीला एका खणात असलेली धग शेजारच्या खणात पोहोचलेली होती. पुढे धक्क्यावर गाठी उतरवून, हमालांनी पट्ट्या तोडून, एकेक गाठ भिजवून काम संपवले, आणि बंदराला इजा झाली नाही. परवानगी पहिल्या दिवशी मिळाली असती तर तेच काम निम्म्या मालावर भागले असते.

आगीचे जे, तेच तड्याचे. लाटेचा उंचवटा जहाजाच्या मधोमध आला की दोन्ही टोके खाली झुकतात आणि वरच्या डेकला ताण बसतो. पुढची लाट टोकांखाली आली की मध्यभाग खाली बसतो आणि ताण तळावर जातो. दर दहा सेकंदांना एक लाट धरली तरी हे दिवसातून साडेआठ हजारांहून अधिक वेळा घडते. धडधाकट जहाज ते आयुष्यभर सोसते, पण तडा गेलेल्या जहाजाचा तडा प्रत्येक लाटेने थोडा थोडा पुढे सरकतो. डिसेंबर २००० च्या अखेरीस कॅस्टर या टँकरच्या डेकला मोरोक्कोजवळ असा तडा गेला. पोटात सुमारे २९,५०० टन पेट्रोल होते. भूमध्य समुद्राभोवतालच्या एकामागून एका देशाने त्याला जवळ येऊ दिले नाही आणि महिनाभराहून अधिक काळ ते टगच्या, म्हणजे ओढून नेणाऱ्या नौकेच्या, दोरावर फिरत राहिले. शेवटी माल समुद्रातच दुसऱ्या जहाजांत काढून घेता आला. हे बचाव पथकाचे कसब होते आणि हवामानाची मेहरबानीही. त्यावर कुठल्याही देशाने धोरण आखू नये.

दोन वर्षांनी ती मेहरबानी झाली नाही. १३ नोव्हेंबर २००२ रोजी प्रेस्टिज हा १९७६ साली बांधलेला, एकेरी कवचाचा टँकर स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यासमोर वादळात सापडला आणि त्याच्या उजव्या बाजूला भगदाड पडले. आत ७७,००० टन जड इंधन तेल होते. बहुतेक खलाशांना हेलिकॉप्टरने उतरवले. कप्तान आणि दोन अधिकारी जहाजावर थांबले. बचाव कंपनीने मागणी केली ती आडोशाच्या पाण्याची, जिथे तेल दुसऱ्या जहाजात उपसता येईल. स्पेन सरकारने जहाज किनाऱ्यापासून शक्य तेवढे दूर न्यायचा हुकूम दिला. आधी ते वायव्येकडे ओढले, मग दक्षिणेकडे वळवले, तर पोर्तुगालनेही आपल्या पाण्यात येऊ दिले नाही. भगदाड पडलेली बाजू लाटा झेलत राहिली आणि १९ नोव्हेंबरला, किनाऱ्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर, जहाजाचे दोन तुकडे झाले.

त्या सहा दिवसांचा हिशेब प्रत्येक निर्णयकर्त्याने समोर ठेवावा असा आहे. दूर नेल्याने तेल दूर राहील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ६०,००० टनांहून अधिक तेल बाहेर पडले, आणि जितक्या दूरवर ते सांडले तितक्या रुंद पट्ट्यात वारा आणि प्रवाह ते पसरवत गेले. गॅलिसियापासून थेट फ्रान्सपर्यंतचे किनारे त्याने माखले. एखाद्या खाडीत जहाज आणले असते तर ती एक खाडी काळी झाली असती, हे मी नाकारत नाही. पण खाडीच्या तोंडाशी तरंगते अडथळे लावता येतात, उपसा पंप आणता येतात, साफसफाईची माणसे एका जागी लावता येतात. साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल बुडालेल्या तुकड्यांतून तेल काढायला पुढे २००४ साल उजाडले. कप्तान अपोस्तोलोस मांगुरास यांना अटक झाली, ३० लाख युरोंचा जामीन मागितला गेला आणि त्यांच्यावरचा खटला वर्षानुवर्षे चालला. दूर न्यायचा हुकूम देणाऱ्यांना तशी किंमत मोजावी लागली नाही, आणि जगभरच्या कप्तानांनी त्यातून धडा घेतला तो असा की संकट शक्य तितके उशिरा कळवावे. किनाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट धडा दुसरा नाही.

कायदा या बाबतीत अर्धवट आहे, आणि परीक्षेत हे नेमके लिहावे. जहाजाला बंदरात घेतलेच पाहिजे असे कोणताही जागतिक करार सांगत नाही. १९८९ च्या जहाज-बचाव कराराचे ११ वे कलम देशांना एवढेच म्हणते की संकटातील जहाजांच्या प्रवेशाबाबत ठरवताना सहकार्याची गरज ध्यानात घ्या. सागरी कायदा कराराचे २२१ वे कलम उलट किनारी देशाला स्वसंरक्षणासाठी हस्तक्षेपाचा अधिकार देते, पण १९५ वे कलम असेही बजावते की प्रदूषणाची हानी एका भागातून दुसऱ्या भागात ढकलू नये. प्रेस्टिजनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००३ मध्ये आश्रयस्थानांविषयी मार्गदर्शक तत्त्वे केली, ठराव क्रमांक ए.९४९, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती सुधारली. त्यांचा गाभा हा, की जहाजाची पाहणी करा, आत घेण्याचा आणि न घेण्याचा असे दोन्ही धोके मांडा, आणि शक्य असेल तिथे आसरा द्या. ही तत्त्वे आहेत, सक्ती नाही. युरोपीय संघाने मात्र २००९ च्या निर्देशाने आपल्या सदस्यांवर बरेच काही बंधनकारक केले. विम्याचा कागद नाही एवढ्या कारणाने पाहणीच टाळता येणार नाही, हे त्यांतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता मच्छीमारांचा मुद्दा. त्यांची भीती मी अज्ञान मानत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये सी एम्प्रेस हा टँकर वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराच्या तोंडाशीच खडकावर चढला आणि सुमारे ७२,००० टन कच्चे तेल सांडले. बंदराजवळ असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे त्या किनाऱ्याने भोगले. शिवाय भरपाईचा अनुभव कडू आहे. प्रेस्टिजच्या वेळी आंतरराष्ट्रीय तेल-प्रदूषण भरपाई व्यवस्थेतून मिळू शकणारी एकूण रक्कम सुमारे १७ कोटी युरो होती आणि नुकसान त्याच्या कितीतरी पट. भारत त्या व्यवस्थेत आहे, पण ती टँकरमधल्या तेलापुरती. कंटेनरमधून सांडलेली रसायने आणि प्लास्टिकचे दाणे तिच्यात बसत नाहीत, आणि घातक मालासाठी १९९६ मध्ये झालेला वेगळा करार कित्येक वर्षे कागदावरच राहिला.

म्हणून आसरा द्यायचा तर त्याची किंमत आधी ठरली पाहिजे. जहाज आत घेण्यापूर्वी विमा संस्थेकडून, म्हणजे पी अँड आय क्लबकडून, लेखी हमी घ्यावी आणि त्या हमीतून मच्छीमारांना पहिली उचल काही आठवड्यांत मिळावी. आणि त्याहूनही आधी, कोणतेही संकट नसताना, प्रत्येक कोळीवाड्याच्या मासळीच्या आवकेची नोंद व्हावी. आपल्याकडे गारपीट झाली की पीक पाहणीत नोंद नसलेला शेतकरी भरपाईच्या यादीत मागे पडतो. किनाऱ्यावरही अगदी हेच घडते. खाडीत जाळे टाकणारा, शिंपल्या वेचणारी, सुकी मासळी विकणारी, यांच्या कमाईचा कागद कुठे नसतो आणि दावा सिद्ध करायची वेळ आली की तेच रिकाम्या हाताने परत येतात. आसऱ्याला होणारा विरोध मोडून काढायचा नसतो. त्यामागचे हे कारण काढून टाकले तर तो बराचसा आपोआप निवळतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गरज आहे ती निर्णय घेणाऱ्या एका माणसाची. जिल्हाधिकारी, बंदर, तटरक्षक दल, नौवहन महासंचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, राज्याचे मंत्री, स्थानिक आमदार, हे सगळे एकाच वेळी बोलू लागले की सर्वांना झेपणारे उत्तर एकच उरते : दूर न्या. ब्रिटनने सी एम्प्रेसनंतर लॉर्ड डोनाल्डसन यांच्या अहवालावरून १९९९ मध्ये एक स्वतंत्र पद निर्माण केले. अपघातग्रस्त जहाजाबाबत अखेरचा शब्द त्या एका अधिकाऱ्याचा असतो आणि प्रकरण सुरू असताना मंत्री त्यात हात घालत नाहीत. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नापोली हे कंटेनर जहाज इंग्लिश खाडीत तडकले. सर्व २६ खलाशी वाचले, फ्रान्सशी बोलणी झाली, आणि पोर्टलंडकडे ओढून नेत असताना जहाज तग धरणार नाही असे दिसताच त्या अधिकाऱ्याने ते लाइम उपसागरात, ब्रॅन्सकंबजवळ, मुद्दाम उथळ पाण्यात बसवले. कंटेनर किनाऱ्यावर आले, थोडे तेल सांडले, जागतिक वारशाच्या यादीतला तो किनारा काही काळ खराब झाला. पण टाक्यांतले बहुतांश इंधन उपसून घेता आले. लोकांनी टीका केली, तरी निर्णय बदलला नाही. माझ्या दृष्टीने संकटातील जहाज हाताळण्याचा तो सर्वांत धीट नमुना आहे.

आपल्या किनाऱ्याची अडचण निराळी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा थेट पश्चिम किनाऱ्यावर आदळतात. दिघी, जयगड, विजयदुर्ग अशा ठिकाणी आडोसा आहे, पण बारा-तेरा मीटर पाणी लागणारे भरलेले जहाज सगळीकडे आत येऊ शकत नाही, आणि अशा खाड्यांत मासेमारीही आहे आणि खारफुटीही. म्हणूनच कोणती जागा कोणत्या प्रकारच्या जहाजाला, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या भरतीला चालेल, याची यादी आधी तयार हवी. संकटाच्या रात्री नकाशे पसरून ती करता येत नाही.

वान हाय ५०३ बाबत माझे मत विचारले आहे. जहाज कोलंबोहून न्हावा शेवाकडे येत होते, इंजिन बंद, आग भडकलेली, पावसाळी वारा त्याला किनाऱ्याकडे लोटत होता. अशा वेळी दोर बांधून ते आधी किनाऱ्यापासून दूर ओढणे योग्यच होते, आणि भर पावसाळ्यात पेटत्या जहाजावर हेलिकॉप्टरने उतरून तो दोर बांधणाऱ्यांचे धैर्य मोठे आहे. माझा आक्षेप त्यानंतरच्या टप्प्याला आहे. जहाज पुढे भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्राबाहेर, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्याबाहेर, नेले गेले. आगीत होरपळलेले जहाज कोणाच्याच हद्दीत नसणे म्हणजे त्याचा धोका संपणे नव्हे. त्याची मोजदाद दुसऱ्या कुणीतरी करायची, एवढाच त्याचा अर्थ होतो.

दुसऱ्यावर टाकण्याची ही साखळी कुठे पोहोचते हे आपल्या शेजाऱ्याने पाहिले आहे. मे २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल या नव्याकोऱ्या जहाजावरील एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. कतारमधील हमद आणि गुजरातमधील हजिरा अशा दोन्ही बंदरांत तो एक कंटेनर उतरवण्याची विनंती केली, पण तशी सोय नसल्याचे सांगून ती नाकारली गेली, असे जहाजाच्या चालक कंपनीने सांगितले. जहाज कोलंबोला पोहोचले आणि २० मे रोजी पेटले. जूनच्या सुरुवातीला, खोल पाण्याकडे ओढून नेतानाच, ते बुडू लागले, आणि प्लास्टिकचे शेकडो टन दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले. एक गळका कंटेनर धक्क्यावर उतरवून वाळूचा बांध घालून वेगळा ठेवणे, एवढ्या कामाची सोय प्रत्येक मोठ्या बंदरात असलीच पाहिजे, आणि ही मागणी अवास्तव नाही.

नकार कधी रास्त ठरतो, हेही सांगतो. जहाज बंदराच्या प्रवेशमार्गातच बुडून सगळी वाहतूक अडवेल अशी खरी शक्यता असेल, किंवा स्फोटाचा धोका आणि दाट वस्ती समोरासमोर असतील, तर त्या विशिष्ट बंदराने नाही म्हणावे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले, आणि मुंबई व न्हावा शेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प होती. हा धोका काल्पनिक नाही. पण एका बंदराने नाही म्हटल्यावर दुसरी जागा सुचवण्याची जबाबदारी देशाची राहतेच. २०१३ च्या डिसेंबरअखेर बुसानजवळ टक्कर झालेला मेरिटाइम मेझी हा रसायनवाहू टँकर दक्षिण कोरिया आणि जपान यांच्यामध्ये १०० दिवसांहून अधिक काळ अडकून पडला आणि अखेर कोरियाच्याच उल्सानला घेतला गेला. जे शेवटी करता आले ते आधी का झाले नाही, याचे समाधानकारक उत्तर मला अजून वाचायला मिळालेले नाही.

शेवटचा प्रश्न आपल्या मुलखाचा. हिंगणघाट किंवा यवतमाळच्या जिनिंगमधली गाठ, अकोल्याच्या कारखान्यातली सोयाबीनची ढेप, कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवाला जाते आणि तिथून जहाजावर चढते. त्या जहाजाला अपघात झाला तर जनरल अ‍ॅव्हरेज नावाची फार जुनी पद्धत लागू होते : जहाज आणि माल वाचवण्यासाठी झालेला असाधारण खर्च, त्यात आश्रय घेतलेल्या बंदराचा खर्चही आला, वाचलेल्या जहाजाच्या आणि मालाच्या किमतीच्या प्रमाणात जहाजमालक आणि सर्व मालधनी यांच्यावर वाटला जातो. तुमच्या कंटेनरला धक्काही लागलेला नसला तरी तुमचा वाटा चुकत नाही, आणि बचाव कंपनीचा मोबदला वेगळा. आसरा मिळायला जितके आठवडे लागतात तितके टगचे भाडे चढत जाते आणि तो वाटा वाढत जातो. मालाचा विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते, मालविम्याच्या ए, बी आणि सी या प्रमाणित कलमांपैकी अगदी कमी हप्त्याच्या सी कलमांखालच्या विम्यातही ती जोखीम धरलेली असते. विमा नसेल तर मालधन्याला रोख अनामत भरावी लागते, आणि ती भरल्याशिवाय कंटेनर ताब्यात मिळत नाही. विक्री सीआयएफ, म्हणजे किमतीत विमा आणि जहाजभाडे धरलेल्या, अटीवर असेल तर तो विमा काढणे विकणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या जिनिंगवाल्याच्या अंगावर असते. एफओबी, म्हणजे विकणाऱ्याने माल जहाजावर चढवून देण्यापुरती अट, असेल तर माल जहाजावर चढल्यानंतरची जोखीम खरेदीदाराची.